मुंबईच्या बागा कशा बघाव्यात: घड्याळ, ऋतू आणि राणीच्या बागेतली एक सकाळ

भायखळ्याच्या राणीच्या बागेतून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, काय काय बघितलंस? पेंग्विन, वाघ, पाणघोडा. झाडाचं नाव क्वचितच कानावर येतं. मला याचं वाईट वाटतं, कारण ती बाग मुळात झाडांची आहे. प्राणी तिथे नंतर आले.

मुंबईत बागा भरपूर आहेत. तरी बागेत गेलेली माणसं बऱ्याचदा घामाघूम होऊन, चिडलेली मुलं कडेवर घेऊन, तासाभरात परत फिरतात. बागेत काही कमी नसतं, वेळ चुकलेली असते. म्हणून माझा क्रम असा आहे: किती वाजता जायचं ते आधी, कुठल्या महिन्यात जायचं ते त्यानंतर, आणि कुठल्या बागेत जायचं ते शेवटी. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात.

आधी घड्याळ

मुंबईचं ऊन पुण्यासारखं कोरडं नाही. इथे हवेतल्या दमटपणाने माणूस थकतो, आणि सावलीत बसलं तरी घाम थांबत नाही. त्यामुळे डिसेंबर-जानेवारी सोडले तर साडेअकरा ते चार या वेळात उघड्या बागेत जाऊच नका. लहान मुलांच्या घसरगुंड्या आणि झोपाळ्यांच्या साखळ्या या वेळात इतक्या तापलेल्या असतात की पोटऱ्यांना चटका बसतो. घसरगुंडीवर मुलाला बसवण्याआधी आपला हात उलटा करून टेकवून बघावा.

पालिकेच्या साध्या, बिनतिकिटाच्या बागा पहाटे उघडतात, पण काही दुपारी बंदही असू शकतात. कुलूप लागलेलं फाटक बघून लोक पुढे जातात आणि बाग कायमचीच बंद आहे असं धरून चालतात. फाटकाशी वेळेचा फलक असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घराजवळच्या तीन-चार बागांचे फलक असे जमले की पुन्हा खेटा पडत नाही.

तिकिटाच्या मोठ्या ठिकाणांचं गणित वेगळं आहे. राणीची बाग बुधवारी बंद असते. त्या बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. हे दोन वार डोक्यात पक्के ठेवा. गावाहून आलेल्या पाहुण्यांचा मुंबईतला एकुलता एक मोकळा दिवस अशा बंद फाटकापुढे जाऊ नये.

आणि गर्दी. नाताळची सुट्टी, १ जानेवारी आणि मे महिन्यातले रविवार या दिवशी राणीच्या बागेत झाडाखाली उभं राहायलाही जागा नसते. शक्य असेल तर मंगळवार किंवा गुरुवारची सकाळ धरा. शाळांच्या सहली असतात, पण त्या एका दिशेने सरकत पुढे जातात. आपण दहा मिनिटं थांबलो की वाट मोकळी होते.

मग ऋतू

काय फुललंय हे ठाऊक नसताना बागेत गेलात तर सगळं हिरवं दिसतं आणि पंधरा मिनिटांत कंटाळा येतो. एकच झाड ठरवून गेलात तर बाकीची बाग त्या झाडाच्या निमित्ताने दिसू लागते. माझा हिशेब साधारण असा आहे.

जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत काटेसावर, पांगारा आणि पळस. तिन्ही झाडं पानं गाळतात आणि उघड्या फांद्यांवर लाल-केशरी फुलं येतात. फुलांत मध असतो, त्यामुळे साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, पोपट सगळे तिथे गोळा होतात. पक्षी बघायला शिकवायचं असेल तर फुललेल्या काटेसावरीखाली मुलाला अर्धा तास बसवा. पानं नसल्यामुळे पक्षी लपत नाहीत. याच दिवसांत सीता अशोकही फुलतो. सोसायटीच्या कुंपणाला सरळ उभ्या वाढणाऱ्या झाडाला आपण अशोक म्हणतो, पण ते वेगळंच झाड. खरा अशोक बुटका, पसरट, दाट सावलीचा, आणि त्याच्या फांद्यांना चिकटून नारिंगी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. एकदा बघितलात की पुन्हा चूक होणार नाही.

एप्रिल-मे म्हणजे बहावा, गुलमोहर, सोनमोहर आणि ताम्हण. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल. जांभळ्या रंगाचं, चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्यांचं. मे महिन्यात उकाडा असह्य असतो, पण रंगांसाठी हाच महिना. फक्त सकाळी नऊच्या आत परत यायचं ठरवून निघा.

पावसात कदंब फुलतो, पिवळ्या चेंडूसारखा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा वासांचा काळ: सातवीण (सप्तपर्णी) संध्याकाळी इतकी दरवळते की काहींना तो वास सहन होत नाही. दम्याचा त्रास असलेल्यांनी तिच्याखाली बसू नये. बुचाची लांब दांड्यांची पांढरी फुलं मात्र सकाळी वेचायची. ती रात्री उमलतात आणि पहाटे खाली सडा पडलेला असतो.

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. सर आली की आपण आडोशाला सगळ्यात मोठ्या झाडाखाली धावतो. ते करू नका. मुंबईत दरवर्षी पावसात झाडं आणि फांद्या कोसळतात. मुळांभोवती काँक्रीट आणि लाद्या आल्यामुळे झाडाची पकड कमी झालेली असते, वर पानं पाण्याने जड झालेली. सोसाट्याचा वारा असेल तर भिजलेलं परवडलं. भिजत का होईना, शेडकडे चला.

राणीच्या बागेतली सकाळ

नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला राणीची बागच सांगावं लागतं. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरून चालत दहा-बारा मिनिटं. घाई नसेल तर स्टेशनातच थोडं थांबा. देशातल्या अजून वापरात असलेल्या सर्वात जुन्या स्थानकांपैकी ते एक आहे. त्याचं जुनं रूप नीट परत आणल्याबद्दल २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला.

बाग १८६२ साली उघडली. त्याआधी बागायती संस्थेची बाग शिवडीला होती, ती हलवून माझगावच्या या जागेत आणली. १८७३ पासून ती पालिकेकडे आहे. आजचा विस्तार सुमारे ५३ एकर. आत तीन हजारांहून जास्त झाडं आहेत आणि जाती अडीचशेच्या वर. दक्षिण मुंबईसारख्या दाटीच्या भागात इतक्या जाती एका कुंपणात असणं ही फार मोठी गोष्ट आहे. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नव्या आराखड्यात ही झाडं धोक्यात येतील असं दिसल्यावर मुंबईकर नागरिक, त्यात बऱ्याच बायका, वर्षानुवर्षं कागदपत्रं घेऊन लढले. आज आपण ज्या सावलीत उभे राहतो तिच्यात त्यांचा वाटा आहे.

आता प्रत्यक्ष फेरी. बाग सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडते. पंधरा मिनिटं आधी पोहोचा. तिकीट ऑनलाइन काढता येतं, तरी सुट्टे पैसे जवळ ठेवा. कुटुंबासाठी एकत्र तिकीट मिळतं, ते सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. खिडकीवर आधी तेच मागा.

आत शिरल्यावर सगळे पेंग्विनकडे धावतात. मुलं बरोबर असतील तर तुम्हीही आधी तेच उरका, कारण ते बघितल्याशिवाय मुलांचं मन कशातच लागणार नाही. सकाळी रांग लहान असते. ते हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आणले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना बघायला मिळू लागले. या जातीचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. तिथे समुद्राचा थंड प्रवाह आहे, बर्फ नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. काचेवर टकटक करायची नाही, फ्लॅश मारायचा नाही. प्रत्येक मुलाने एकदाच टकटक केली तरी आतल्या पक्ष्याला ती दिवसभर ऐकावी लागते, इतकं सांगितलं की मुलं ऐकतात.

त्यानंतर साडेदहा ते साडेअकराचा वेळ झाडांसाठी. बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. सगळ्या वाचत बसू नका. चार झाडं शोधा.

पहिलं उर्वशी. हे ब्रह्मदेशातलं झाड, आपल्याकडे दुर्मिळ. हिवाळ्याच्या अखेरीस फुलतं तेव्हा फांद्यांवरून लांब देठांचे लाल घोस झुंबरासारखे खाली लोंबतात आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. नवी पानंही तांबूस, मऊ, लोंबती असतात. फुलं नसली तरी ती बघण्यासारखी. झाड सापडत नसेल तर माळ्यांना विचारा. "दादा, उर्वशी कुठे हो?" एवढं विचारलं की हातातलं काम ठेवून दाखवायला येणारे माळी मला तिथे भेटले आहेत.

दुसरं कैलाशपती. याला फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून निघालेल्या दांड्यांवर येतात. फुलाच्या आत पिंडीसारखा भाग आणि वर नागाच्या फण्यासारखी झालर, म्हणून हे नाव. फळं तोफेच्या गोळ्याएवढी, टणक आणि जड. म्हणून या झाडाखाली चटई पसरू नका आणि मुलांना थेट खोडाशी उभं करून फोटो काढू नका.

तिसरा सीता अशोक, त्याचं वर सांगितलंच. चौथी गोरखचिंच. आफ्रिकेतून आलेलं हे झाड खोडावरून ओळखावं. हत्तीच्या पायासारखं सुजलेलं, राखाडी, गुळगुळीत. त्या खोडात ते पाणी साठवून ठेवतं. दोन-तीन माणसांनी हात धरून त्याला कवळ घालून बघावी. ही मोजणी मुलं विसरत नाहीत.

परतताना फाटकाशेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी तासभर राखून ठेवा. ते चालू आहे का, हे निघण्याआधी एकदा तपासा. संग्रहालय १८७२ चं. आत जायला वेळ नसला तरी बाहेरचा दगडी हत्ती चुकवू नका. घारापुरीला पोर्तुगीजांनी ज्या हत्तीवरून एलिफंटा म्हटलं, तोच हा. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला तेव्हा उचलताना तो पडून फुटला. तुकडे इथे आणले आणि १९१४ मध्ये जोडून उभे केले. नीट बघितलं तर सांधे दिसतात. काळा घोडा या भागाला ज्या पुतळ्यावरून नाव पडलं, तो घोड्यावरचा राजा एडवर्डही १९६५ पासून याच आवारात आहे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या दिवसांत पालिका इथे फुलांचं प्रदर्शन भरवते. ते बघायचं असेल तर कामाच्या दिवशी सकाळी जा, संध्याकाळी धक्काबुक्कीत फुलं दिसत नाहीत. ज्यांना घरी कुंडीत काही लावायचं आहे त्यांनी तिथल्या भाजीपाल्याच्या कुंड्या निरखून बघाव्यात. गोणीत, डब्यात, टाकून दिलेल्या ड्रममध्ये काय काय वाढतं ते कळतं.

डोंगरावरच्या बागा, पाण्यावरच्या बागा

मलबार हिलची हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान, ही पाण्याच्या मोठ्या टाकीवर वसवलेली बाग आहे, १८८० च्या आसपासची. पायाखाली दक्षिण मुंबईचं पाणी आहे. त्यामुळेच तिथे कापून आकार दिलेली झुडपं आणि हिरवळ जास्त, दाट सावली कमी. म्हणजे दुपार वर्ज्य. संध्याकाळी पाचनंतर जा. समोरच कमला नेहरू पार्क, त्यात म्हातारीचा बूट. लहानपणी त्या बुटात शिरलेली माणसं आता नातवंडं घेऊन येतात. तिथून चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा वळसा दिसतो. दिवे लागण्याआधी वीस मिनिटं कठड्याशी जागा धरा.

याच डोंगरउतारावर २०२५ च्या मार्चअखेर झाडीतून जाणारा उन्नत निसर्गमार्ग खुला झाला, सुमारे ४८५ मीटरचा लाकडी पूल. भारतीयांना २५ रुपये तिकीट, नोंदणी ऑनलाइन, आणि ठरलेल्या वेळेलाच आत सोडतात. आयत्या वेळी गेलात तर सुट्टीच्या दिवशी जागा मिळणं कठीण. माझं मत विचाराल तर सकाळी सातच्या आतली वेळ घ्या. तेव्हा पक्ष्यांचा आवाज माणसांच्या आवाजापेक्षा मोठा असतो. आपण झाडांच्या शेंड्याच्या पातळीवर असतो, त्यामुळे एरवी मान मोडून बघावे लागणारे पक्षी समोर दिसतात.

माझगावची जोसेफ बाप्टिस्टा बाग फार कमी लोकांना ठाऊक आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनला लागूनच टेकडी आहे, वर चढून गेलं की बंदर, क्रेन, जहाजं पसरलेली. इथेही खाली पाण्याचा साठा आहे. पूर्वी इथे माझगावचा किल्ला होता. काका बाप्टिस्टा लोकमान्य टिळकांचे सहकारी, पुढे १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. चढ आहे, गुडघेदुखी असलेल्यांना सावकाश न्या.

ज्यांना चढ नको, तिकीट नको, त्यांनी दादर पारसी कॉलनीतल्या फाइव्ह गार्डन्सला जावं. बागा लहान आहेत, पण भोवतीच्या रस्त्यांवरची झाडं हीच खरी बाग. माझ्या आईला पंचाहत्तरीनंतर मी सर्वात जास्त वेळा तिथेच नेलं: रस्ता सपाट, वाहनं कमी, दर थोड्या अंतरावर बसायला जागा.

धारावीजवळ, मिठी नदीच्या काठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ३७ एकरांची ही जागा म्हणजे शहराची जुनी कचराभूमी. कचऱ्याच्या ढिगावर माती टाकून, रोपं लावून तिथे जंगल उभं केलं आणि १९९४ मध्ये लोकांसाठी उघडलं. फुलपाखरांसाठी पाऊस संपतानाचे दिवस, सप्टेंबर-ऑक्टोबर, उत्तम. इथे खेळणी नाहीत, हिरवळीवर लोळायची सोय नाही. बागडायला म्हणून आलात तर निराशा होईल. झाडांच्या नावाची वही घेऊन आलात तर दोन तास पुरणार नाहीत.

बोरिवलीचं जंगल ही बाग नाही

राष्ट्रीय उद्यानाला लोक नॅशनल पार्क म्हणतात आणि त्या पार्क शब्दाने घोटाळा होतो. १०० चौरस किलोमीटरहून मोठं हे जंगल आहे, आणि त्यात बिबटे राहतात. बोरिवली स्टेशनहून पूर्वेला रिक्षा, किंवा मेट्रोचं राष्ट्रीय उद्यान स्थानक. कान्हेरी लेणी फाटकापासून सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. लेण्यांचं तिकीट वेगळं. आतल्या बसची चौकशी फाटकावरच करा, आणि परतीची शेवटची बस किती वाजता तेही विचारून घ्या. हा दुसरा प्रश्न सगळे विसरतात.

लेणी शंभराच्या वर आहेत. सगळी बघायचा हट्ट धरू नका. तिसऱ्या क्रमांकाचं मोठं चैत्यगृह बघा आणि मग लेण्यांबाहेर खोदलेल्या पाण्याच्या टाक्या व त्यांच्याकडे पाणी नेणारे दगडातले पन्हळ शोधा. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंनी पावसाचं पाणी कसं साठवलं ते तिथे नुसत्या डोळ्यांनी कळतं. पावसात पायऱ्या शेवाळलेल्या असतात. रबरी चप्पल नको, पकड असलेले बूट घाला.

माकडं पिशवीच्या खुळखुळाटाला ओळखतात. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ओढणारच. खाणं पाठीवरच्या बॅगेत, चेन लावून. लहान मुलाला एकटं पुढे पळू देऊ नका, पायवाट सोडू नका, आणि उजेड असेपर्यंत फाटकाबाहेर या. शहरात कुठेही जखमी वन्यप्राणी किंवा साप दिसला तर स्वतः हात लावू नका, वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा.

पिशवीत काय घ्याल

माणशी एक लिटर पाणी, जुनी चादर, पंचा, डासांचं मलम (संध्याकाळी पाणथळ कोपऱ्यांत डास असतातच), टोपी, आणि रिकामी कापडी पिशवी कचरा घरी आणायला. डबा नेण्याआधी ती बाग खाणं आत नेऊ देते का बघा. तिकिटाच्या ठिकाणी फाटकावर पिशव्या तपासतात. नेताच आला तर कोरडं न्या: दशमी, चटणी, केळी. वेफर्सची पाकिटं टाळा, ती वाऱ्याने उडतात आणि हरणांच्या कुंपणात जातात.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर आत शिरल्याबरोबर स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा. ही गोष्ट बोलून दाखवायला त्यांना संकोच वाटतो आणि त्यापायी ती पाणीच पीत नाहीत. माझी आत्या अशीच उन्हात चक्कर येऊन बसली होती. तेव्हापासून पहिल्या पाच मिनिटांत मी हे काम करते आणि मोठ्याने सांगते, "आत्या, तिकडे आहे हो, स्वच्छ आहे."

घराजवळच्या बागेत तुटलेला झोपाळा, उघडी वायर, वाळून झुकलेली फांदी दिसली तर पालिकेच्या १९१६ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. बागेचं नाव, कुठल्या फाटकाजवळ, हे नेमकं सांगितलं की माणूस येतो. "बागेत फांदी लोंबतेय" एवढ्यावर कुणी शोधत बसत नाही.

घरी आल्यावर एका वहीत तारीख आणि त्या दिवशी फुललेलं झाड लिहा. दोन वर्षं लिहिलंत की स्वतःचं पंचांग तयार होतं. आमच्या वहीत गोरखचिंचेपुढे असं टिपलेलं आहे: फुलं पावसाच्या तोंडाला, रात्री उमलतात, तेव्हा बाग बंद. म्हणून सकाळी फाटक उघडल्याबरोबर जाऊन झाडाखाली बघायचं. झाडलोट व्हायच्या आत पोहोचलं तर तळहाताएवढी पांढरी फुलं ओल्या मातीवर पडलेली सापडतात.